साइड व्हीलच्या स्कूटरवर फूटबोर्डचं रबर सारखं सुटतंय, कुठला गोंद लावू?

प्रश्न चिपळूणच्या एका ताईंचा आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. भावाला लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायात कॅलिपर म्हणजे आधाराची चौकट, गिअरलेस स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना साइड व्हील बसवून घेतलेत आणि पाय नीट राहावेत म्हणून फूटबोर्ड दोन्हीकडून रुंद केलाय, त्यावर ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट, म्हणजे उंच रेघांची नक्षी असलेला पत्रा, वर काळं पावडर कोटिंग. त्या प्लेटवरचं रबर दोन वर्षांत तीनदा सुटलं. पहिल्यांदा चपलेच्या दुकानातला पिवळा गोंद, तो जूनमध्ये निघाला. मग थेंबाचा इन्स्टंट ग्लू, तो पंधरा दिवस टिकला. मग सिलिकॉन, ते तर अख्खं पापडासारखं सोलून आलं. आता ताईंचे दीर टेक्सासला असतात, तिकडे होंडा गोल्डविंग या मोठ्या मोटारसायकलला मागे दोन चाकं बसवून ट्राइक करतात आणि तिच्या पाय ठेवायच्या लांब रनिंग बोर्डवर रबराचे पॅड डबल साइड टेपने लावतात, म्हणून त्यांनी चांगली टेप पाठवलीय. ती लावू का, की अजून कुठला भारी गोंद आहे, असं विचारलंय, सोबत फोटोही पाठवलाय.

ताई, टेप लावू नका, निदान या प्लेटवर तरी नको. आणि अजून भारी गोंद आणलात तरी तो याच जागेवर याच पद्धतीने लावलात तर पुढच्या जूनमध्ये परत हेच होणार. का ते सविस्तर सांगतो कारण विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी आधी चपलेच्या सोल चिकटवायच्या कामात होतो, नंतर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनमध्ये आलो, आणि गेली २० वर्षं साइड व्हीलची किट बसवतोय.

एक प्रसंग सांगतो म्हणजे मी या रबराबद्दल एवढा का बोलतो ते कळेल. सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांची गाडी करून दिली होती, दोन्ही पायांत कॅलिपर. रबर मीच चिकटवलेलं. सहा-सात महिन्यांनी पुढचा कोपरा बोटभर उचलला गेला, त्यांना ते दिसलंही नाही आणि पायाला जाणवलंही नाही, आणि बुटाचा पुढचा भाग त्या उचललेल्या रबराच्या खाली गेला. गाडी थांबवली, उतरायला गेले तर पाय अडकलेला, तोल गेला, रस्त्यावरच्या दोन पोरांनी धरलं म्हणून वाचले. काही लागलं नाही. पण ते दुकानात आले आणि रागावले नाहीत, फक्त कोपरा दाखवला, आणि मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून आहे. आपल्यासारख्या माणसाचा पाय घसरला तर आपण तो आपोआप मागे घेतो. ज्याला पायात जोर नाही त्याला ते जमत नाही, पाय एकदा बाहेर गेला की मागून साइड व्हील येतंय. म्हणून हे रबर सुटणं म्हणजे गाडी वाईट दिसते एवढीच गोष्ट नाही.

आता पहिलं काम. सुटलेलं रबर अजून टाकून दिलं नसेल तर ते उजेडात न्या आणि उलटं करून बघा, आणि प्लेटही बघा. गोंद कुठे राहिलाय? एवढं बघितलं की अर्धं उत्तर मिळतं. गोंद सगळा प्लेटवर आहे आणि रबराची पाठ कोरी चकचकीत, याचा अर्थ गोंदाने रबराला कधी धरलंच नव्हतं. मोल्डमधून सुटायला रबरावर सिलिकॉनचा किंवा साबणासारखा हात मारलेला असतो, किंवा रोल एकमेकाला चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पावडर असते, आणि आपण गोंद त्या पावडरला लावलेला असतो. याच्या उलट गोंद रबराबरोबर आलाय आणि त्याला काळ्या रंगाच्या पापुद्र्या लागल्यात, तर गोंदाची चूक नाही, पावडर कोटिंगच धातूला सोडून आलंय. गोंद कितीही चांगला असू दे, तो ज्या थराला धरतो तो थरच सुटला तर काय करणार. गोंद दोन्हीकडे अर्धा अर्धा आहे आणि मऊ, बोट लावलं की च्युइंगगमसारखी तार येते, तर मग एकतर तो उन्हाने नरम पडलाय, किंवा आतला सॉल्व्हंट, म्हणजे गोंद पातळ ठेवणारा उडून जाणारा द्रव, वाळायच्या आधीच दाबलंय, किंवा ते रबर नाहीच, पीव्हीसी आहे. आणि चेकर्ड प्लेटवर चौथी खूण दिसते, रबराच्या पाठीवर फक्त त्या उंच रेघांचे ठसे उमटलेले असतात, मधला सगळा भाग कोरा. तुमच्या फोटोत मला हेच दिसतंय. म्हणजे हातभर रबर होतं आणि चिकटलं होतं फक्त त्या रेघांच्या माथ्यावर, अगदी थोड्या जागेत. बाकी सगळी पोकळी, आणि त्या पोकळीत पावसाचं पाणी जाऊन बसतं ते बाहेर येत नाही. टेप नको म्हणालो ते याचसाठी.

टेप वाईट नाही हां, गैरसमज नको. थ्रीएम कंपनीची व्हीएचबी टेप १९८० पासून आहे, ट्रकच्या बॉडीचे पत्रे रिव्हेटशिवाय त्या टेपने लावतात. गोल्डविंग ट्राइकचे रनिंग बोर्ड सपाट असतील, फायबरचे किंवा गुळगुळीत रंगवलेले, तर तिथे ती चालते कारण टेपला पूर्ण पाठ टेकायला मिळते. दाब देऊन लावायची असते, पहिल्या २० मिनिटांत साधारण निम्मी ताकद येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात, हे लोक बघत नाहीत आणि लावून लगेच पाय ठेवतात. पण टेपला उंचसखल जागा चालत नाही आणि बरीचशी रबरंही चालत नाहीत, रबरातलं तेल हळूहळू वर येतं आणि टेपचा चिकटपणा खातं. दिरांनी पाठवलेली टेप जपून ठेवा, नंबर प्लेटला नाहीतर आरशाच्या कव्हरला उपयोगी येईल.

आता रबर. आपल्याकडे बाजारात "रबर मॅट" म्हणून जे मिळतं त्यात निम्मं रबर नसतंच. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्यालाही माहीत नसतं. सोल्डरिंग आयर्न तापवा नाहीतर सुई गॅसवर लाल करा आणि मॅटच्या कडेला टोचा, उघड्यावर करा कारण धूर चांगला नसतो. सुई लोण्यात गेल्यासारखी गेली आणि कडेला वितळलेला गोळा झाला तर ते पीव्हीसी किंवा तसलं प्लास्टिक. खरं रबर वितळत नाही, जळतं, काळा धूर येतो, जळक्या टायरचा वास येतो. हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो, तो वर्षभर झिरपत राहतो आणि चपलेच्या पिवळ्या गोंदाला आतून नरम करून टाकतो. लावल्या दिवशी एकदम घट्ट आणि सहा महिन्यांनी सरकायला लागतं ते यामुळे. चप्पल-बुटाच्या धंद्यात पीव्हीसी सोलला वेगळा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद वापरतात तो याचसाठी.

खऱ्या रबरातही ईपीडीएम म्हणून जे असतं, दारं-खिडक्यांच्या गास्केटचं, ते उन्हापावसाला फार छान पण चिकटवायला फार हट्टी. माझं म्हणणं, तुमच्या कामाला साध्या एसबीआर या कृत्रिम रबराची किंवा नैसर्गिक रबराची, ५ मिमीची, उंच रेघांची मॅट घ्या. रेघा गाडीच्या लांबीला आडव्या येतील अशा लावा, म्हणजे ब्रेक मारला की पाय पुढे सरकत नाही. गोल टिकल्यांच्या मॅटा दिसायला चांगल्या पण कुबडीचं टोक त्यावर नीट बसत नाही, हे मला एका गिऱ्हाइकाने दाखवलं तेव्हा कळलं.

आता गोंद, एकेक करून.

इन्स्टंट ग्लू रबराला धरतो, फार पटकन धरतो, म्हणून लोक फसतात. पण तो वाळला की काचेसारखा कडक होतो, आणि रबर वाकतं. फूटबोर्डवर रोज शंभर वेळा पाय आपटतो, गाडी खड्ड्यात आदळते, कडक थराला बारीक बारीक तडे जातात आणि मग पाणी आत जातं. सील रिंग जोडायला, छोटा चीरलेला कोपरा जोडायला उत्तम. पॅड चिकटवायला नाही. अरल्डाइटसारख्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीचंही तेच, धातूला धातू जोडा, एक नंबर, रबराला नाही, कारण सोलून काढण्याच्या ताणाला कडक गोंद टिकत नाही.

सिलिकॉन, ताई, परत कधीच नको. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तर धातूलाही खातं, पण त्याहून मोठा त्रास हा की सिलिकॉन लावलेल्या जागेवर नंतर दुसरं काहीही चिकटत नाही, दिसत नसलं तरी पातळ थर राहतो. थिनरने पुसून तो जात नाही, नुसता पसरतो. तुमच्या प्लेटवर आता तो थर आहे हे धरूनच पुढचं काम करायचंय.

पिवळा गोंद म्हणजे निओप्रीनचा, फेविकॉल एसआर ९९८ वगैरे, फर्निचरवाल्यांकडे सनमायकाला वापरतात तो. हा गोंद वाईट नाही, मी स्वतः वापरतो, पण याला दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक ऊन. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचं काळं रबर हात ठेवू देत नाही एवढं तापतं, ६० डिग्रीच्या पुढे गेलं की हा गोंद नरम पडतो आणि कडेला ताण असेल तर हळूच सोडतो. दुसरी गोष्ट पावसाळी हवा, आणि हे कोकणातल्या लोकांनी नीट लक्षात घ्या. गोंदातला सॉल्व्हंट उडतो तेव्हा तो पृष्ठभाग थंड होतो, स्पिरिट हातावर घेतल्यावर गार लागतं तसं, आणि हवेत दमटपणा भरपूर असेल तर त्या गार गोंदावर दव धरतं. गोंद किंचित पांढुरका दिसतो, धुकं धरल्यासारखा. आपल्याला वाटतं वाळला, आणि आपण दाबतो, म्हणजे खरं तर दोन गोंदांच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा कोंडतो. जूनमध्ये चिपळुणात चिकटवलेलं रबर कितीही चांगल्या गोंदाचं असलं तरी असं केलं तर सुटणारच. करायचंच असेल तर दोन्ही बाजू हेअर ड्रायरने कोमट करून, गोंद लावल्यावरही लांबून कोमट हवा देत, आणि पांढुरकेपणा पूर्ण गेल्यावरच दाबायचं. खरं तर एप्रिलमध्येच करून टाकावं.

याच गोंदाचा मोठा भाऊ म्हणजे हार्डनर मिसळायचा गोंद. हे मला साखर कारखान्यात काम करणाऱ्या एका फिटरमामांनी शिकवलं. कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, कन्व्हेयरच्या पुलीवर रबर चढवलेलं असतं, त्याला लॅगिंग म्हणतात, लोखंडावर रबर, रात्रंदिवस ताण, पाणी, उष्णता सगळं. ते कशाने चिकटवतात, तर टिप टॉपच्या एससी २००० सारख्या सिमेंटने, त्यात हार्डनर घालून, आणि धातूला आधी त्याचा वेगळा प्रायमर मारून. गोंद तसा त्याच निओप्रीनच्या जातीचा, पण हार्डनरने तो आतल्या आत बांधला जातो आणि मग उन्हाने नरम पडत नाही. मोठ्या टायरवाल्यांकडे, बेल्ट जॉइंटवाल्यांकडे मिळतो. हार्डनर किती घालायचा ते डब्यावर असतं ते तंतोतंत पाळायचं, अंदाजाने नाही, आणि एकदा मिसळला की दोनेक तासांत संपवायचा, नंतर डबा घट्ट होतो. दोन बोर्डांपुरता लागतो थोडा, म्हणून बेल्टवाल्याकडे जाऊन त्याच्याकडूनच थोडा मागून घ्या किंवा कामच त्याच्याकडून करून घ्या. पंक्चरचं सोल्युशन मात्र वापरू नका, ते ट्यूबच्या ठिगळासाठी ठीक.

आणि शेवटचा प्रकार, पीयू सीलंट आणि एमएस पॉलिमर, गनने मारायच्या नळकांड्यातले. गाडीची पुढची काच याच पीयूने बसवलेली असते. हे वाळल्यावरही रबरासारखेच राहतात, म्हणून खड्ड्यांचा, वाकण्याचा त्रास होत नाही, आणि जाड थर देता येतो म्हणून चेकर्डची पोकळी भरते. हे हवेतल्या दमटपणाने वाळतात, म्हणजे कोकणातली जी हवा पिवळ्या गोंदाची वैरी तीच यांच्या सोयीची. पण याच्यात एक मेख आहे जी नळकांड्यावर ठळक लिहिलेली नसते. रबर आणि धातू दोन्हीतून हवा जात नाही. आपण सगळीकडे लोण्यासारखा सारखा थर पसरला तर फक्त कडा वाळतात, दिवसाला साधारण ३ मिमी आत या वेगाने, पुढे आणखी हळू, आणि मधला भाग महिनाभर तसाच ओला. म्हणून पसरायचं नाही, वेगवेगळ्या रेघा मारायच्या, दाबल्यावरही दोन रेघांमध्ये जागा राहील अशा, कडेपर्यंत उघड्या, म्हणजे मधून हवा जाईल. दाबतानाही फार चेपायचं नाही, २ मिमीचा थर राहिला पाहिजे, मी मध्ये २ मिमीच्या रबराचे छोटे तुकडे टाकतो, मग किती दाबलं तरी थर तेवढा राहतो. वाळलं की बाहेरच्या कडेने एक सलग रेघ मारून तोंड बंद करायचं, पण उताराच्या बाजूला एक जागा उघडी ठेवायची. आणि नळकांड्याची तारीख बघून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात दोन दोन वर्षं पडलेली असतात, बाहेरून दाबून बघा, दगडासारखं लागलं तर घेऊ नका.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, तुमच्याकडे लागू नाही पण वाचणाऱ्या कुणाला लागेल. बऱ्याच स्कूटरचा मूळ फूटबोर्ड प्लास्टिकचा असतो, त्याच्या खालच्या बाजूला पीपी अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असली तर त्यावर यातला एकही गोंद साध्या रीतीने धरत नाही. तिथे स्क्रू आणि पट्टी, दुसरं काही नाही.

आता तुमचं काम मी कसं केलं असतं ते. मी त्या चेकर्ड प्लेटला रबर चिकटवलंच नसतं.

ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना आठवेल, फूटबोर्डवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असायच्या, पट्टीच्या खाचेत काळ्या रबराची दोरीसारखी पट्टी सरकवलेली, आणि पट्टी बोर्डाला रिव्हेट मारलेली. गोंद कुठेच नाही. गाड्या २०-२५ वर्षं चालल्या, पत्रा सडला पण रबर जागेवर होतं. हार्लेच्या फूटबोर्डचं रबरही असंच, खाली रबराचीच बोंडं असतात, ती बोर्डाच्या भोकांतून ओढून घ्यायची. म्हणजे ज्यांनी गाडी डिझाइन केली त्यांनी पायाखालचं रबर नुसत्या गोंदाच्या भरवशावर सोडलेलं नाही. याचं कारण साधं आहे. गोंद सरकवायच्या ताणाला जबरदस्त असतो, पण कडेला पकडून सोलायला लागलात तर लहान पोरगंही सोलतं. आणि बूट नेमकं तेच करतो, दर वेळी कडेला अडकतो आणि थोडं थोडं उचलतो.

म्हणून २ मिमीचा सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, बोर्डाच्या मापाचा, कडेने १० मिमी कमी. रबर या सपाट पत्र्याला चिकटवायचं, घरात टेबलावर बसून, कोरड्यात, निवांत. आणि तो पत्रा बोर्डाला सहा ठिकाणी बोल्टने आवळायचा. गाडीखाली आडवं पडून, पावसात, जुन्या सिलिकॉनवर चिकटवायची गरजच राहत नाही. परत कधी काढायचं झालं तर सहा नट.

पत्र्याची वरची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने मॅट करा, गोल गोल हात फिरवून, चमक कुठेच राहता कामा नये. मग थिनरने पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत, दर वेळी फडक्याची नवी बाजू. पेट्रोलने पुसू नका, ते मागे तेलकट काहीतरी ठेवतं आणि आग वेगळीच. स्वच्छ झाला का ते बघायला थोडं पाणी शिंपडा. पाणी सपाट पसरलं तर बरोबर, थेंब थेंब गोळा झाले तर अजून तेल आहे. झालं की पुसून, ड्रायरने पूर्ण वाळवून, त्याच दिवशी चिकटवा, आठवड्याने नको, ॲल्युमिनियमवर परत थर धरतो. रबराची पाठ ६० नंबरने चांगली खरवडा, चकचकीत काळी पाठ राखाडी, भुरकट दिसली पाहिजे, भुसा झटकून थिनरचा एक हात, आणि १० मिनिटं थांबा.

रबराचे चारही कोपरे गोल मारा. दहा रुपयाचं नाणं कोपऱ्यात ठेवा, खडूने रेघ मारा, धारदार कटरने एका झटक्यात कापा. टोकदार कोपरा हाच आधी उठतो, दर वेळी.

हार्डनरवाला गोंद मिळाला तर पत्र्याला त्याचा प्रायमर लावून तो सांगितला तेवढा वाळू द्या. गोंदाचे रबराला दोन पातळ हात, पहिला रबर पिऊन टाकतं, तो वाळल्यावर दुसरा. पत्र्याला प्रायमरवर एक. जाड थर म्हणजे जास्त पकड हा समज चुकीचा आहे, पातळ आणि सारखा पाहिजे. मग वाट बघा, १०-१५ मिनिटं, हवा दमट असेल तर जास्त. बोटाच्या पेरामागची बाजू टेकवून बघायची, चिकट लागतं पण उचलताना तार येत नाही, ती वेळ. तार आली तर थांबा. अजिबातच चिकट लागलं नाही तर उशीर झालाय, अजून एक पातळ हात द्या.

हा गोंद एकदा टेकला की हलवता येत नाही. म्हणून पत्र्यावर बटर पेपर ठेवायचा, त्यावर रबर जुळवून घ्यायचं, आणि एका बाजूने पेपर दोन-दोन बोटं ओढत रबर खाली सोडत जायचं, मधून बाहेर हात फिरवत, म्हणजे हवा कोंडत नाही. मग लाटणं. हसू नका, घरातलं पोळ्यांचं लाटणंच सगळ्यात चांगलं, अंगाचा भार देऊन मधून कडेकडे लाटायचं. या गोंदाला किती वेळ दाबलं याने फरक पडत नाही, किती जोरात दाबलं याने पडतो, त्यामुळे रात्रभर वर पाटा-वरवंटा ठेवण्यापेक्षा पाच मिनिटं जोरात लाटा आणि कडेने रबरी हातोडीने ठोका. सगळं काम गच्चीत किंवा दारं उघडी ठेवून, या गोंदांच्या वासाने डोकं धरतं आणि भडका लगेच होतो, जवळपास बिडी नाही, गॅस नाही.

२४ तास तसंच ठेवा. मग कडेने ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, २० मिमी रुंद, पुढच्या आणि बाहेरच्या कडेला नक्की, अर्धी रबरावर येईल अशी, म्हणजे बुटाला कड सापडतच नाही. मागची कड सोडली तरी चालते. पट्टी, रबर, पत्रा आणि बोर्ड चौघांतून आरपार ५ मिमीचे स्टेनलेसचे बोल्ट, चपट्या डोक्याचे, पट्टीत डोकं बुडेल अशी भोकं खोलगट करून घ्या, बूट अडकायला नको. खाली नायलॉनचे लॉक नट, साधे नट व्हायब्रेशनने सैल होतात. ज्या कडेला पट्टी नाही तिथले दोन बोल्ट रबरातून, डोक्याखाली मोठा वॉशर. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र ओलं राहिलं की ॲल्युमिनियमला पांढरा गंज येतो, तुमच्याकडे खाडीची खारी हवाही आहे, म्हणून प्रत्येक भोकात थोडं पीयू सीलंट भरून मग बोल्ट घाला. आणि सपाट पत्रा चेकर्डवर वाजेल, त्यासाठी पत्र्याच्या खालून तेच पीयू आठ-दहा ठिकाणी रुपयाएवढं लावा, ते चिकटवायला नाही, आवाज मारायला. वाळेपर्यंत बोल्ट हलकेच, दुसऱ्या दिवशी पूर्ण आवळा. चेकर्ड प्लेटला खालून ८ मिमीची तीन-चार भोकं नसतील तर तीही पाडून घ्या, पाणी जायला वाट पाहिजे.

एक मात्र बघा, पत्रा आणि रबर मिळून पाय जवळजवळ ७ मिमी वर येतो. साध्या माणसाला काही वाटत नाही, पण कॅलिपर घातलेल्या पायाला गुडघ्याचा कोन बदलतो. आधी त्या उंचीची फळी नाहीतर पुठ्ठे ठेवून भावाला गाडीवर बसवा, दहा मिनिटं बसू द्या, हॅन्डल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून गुडघ्याला लागत नाही ना ते बघा, उतरताना बूट बाहेर काढायला अडचण येत नाही ना ते त्यालाच विचारा. अडचण आली तर रबर ५ ऐवजी ३ मिमीचं घ्या.

हे सगळं करणं शक्य नसेल, पावसाळा तोंडावर आहे आणि गाडी रोज लागते, तर तात्पुरतं एवढं करा. चेकर्ड प्लेट ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने पावडर कोटिंग आणि सिलिकॉनसकट पांढरी करून घ्या, एमएस पॉलिमरच्या रेघा मारून रबर बसवा, आणि पुढची पट्टी तेवढी बोल्टने मारा. पट्टी सोडू नका, गोंदात तडजोड चालेल, पट्टीत नाही.

आणि महिन्यातून एकदा, गाडी धुताना, चारही कडांना अंगठ्याच्या नखाने खालून वर ढकलून बघा. कुठे नख आत गेलं तर त्याच दिवशी गाडी थांबवून ते नीट करा. भावाला हे वाकून करता येणार नाही, तुम्हीच करा ताई. जुन्या रबराच्या पाठीचा जवळून, दिवसाच्या उजेडात काढलेला एक फोटो अजून पाठवलात तर मॅट पीव्हीसीची होती का तेही सांगता येईल, कडेला सुई टोचलेली जागाही त्यात येऊ द्या.